आज्जीवर आलेला आळ: मायटोकॉन्ड्रियाचा आजार आईकडूनच येतो का?

ताणाबाणा (सोलापूर)

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. जरा लांबेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ५९. अशोक चौकाकडच्या कारखान्यांत तीस वर्षं माग चालवले, चादरी आणि टॉवेल दोन्ही. चाळिशी उलटल्यावर त्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. दोन्ही सारख्याच. इतकं हळूहळू की घरात कुणाला कळलंच नाही. मग ते मान मागं टाकून, भुवया वर ओढून बघायला लागले. रात्रपाळीला मालकाला वाटायचं, हा माणूस पेंगतोय, नाहीतर पिऊन आलाय. अण्णांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. या एका गोष्टीपायी त्यांनी दोन कारखाने सोडले, आणि का सोडले ते आम्हाला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

आधी मायस्थेनियाचं, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचं, निदान झालं. चार वर्षं गोळ्या चालल्या, फरक शून्य. रक्तातल्या अँटिबॉडीही निगेटिव्ह. शेवटी हैदराबादला एका न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी अण्णांसमोर बोट धरलं. वर बघा, खाली बघा, डावीकडे, उजवीकडे. बोट फिरत होतं, बुबुळं जागची हलत नव्हती. अण्णा अख्खं डोकं फिरवून बघत होते. आम्ही रोज त्यांच्यासमोर बसून जेवतो, पण हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. रिपोर्टात लाल, फाटक्या कडांचे तंतू दिसले असं लिहिलंय आणि मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या कणांच्या) डीएनएत ‘अनेक डिलीशन्स’, म्हणजे गळालेले तुकडे, असंही. मग रक्तावर जनुकांची तपासणी झाली, त्यात ‘ट्विंकल’ नावाच्या जनुकात दोष निघाला. मोहोळच्या आत्याच्या पापण्याही तशाच आहेत.

आता खरं दुखणं. आजोबांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर चुलतभावानं मोबाईलवर वाचून दाखवलं की मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. सगळ्यांच्या माना आज्जीकडे वळल्या. आत्या तर बोलूनच गेली, ‘म्हणजे हे तुझ्याकडून आलं होय?’ आज्जी ८२ वर्षांची. त्या दिवसापासून ती नीट जेवत नाही. ‘मी माझ्या लेकरांना काय दिलं’ एवढंच म्हणत बसते.

दोन प्रश्न आहेत. हे खरंच आज्जीकडून आलंय का? आणि धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघतोय, तिची तपासणी आधी करून घ्यावी का?

भीमाकाठ

भाऊ, आज्जीचं वाचून पोटात कालवलं ओ. उत्तर मला ठाऊक नाही. पण कुणी जाणतं येईस्तोवर आज्जीजवळ बसून दोन घास खाऊ घाला तिला.

बार्शीकर अनुजा

ताणाबाणा दादा, मी पुण्यात जनुकीय समुपदेशनाचं काम करते, माहेर बार्शी. तुमचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे निदानावर बोलणार नाही. पण तुम्ही लिहिलेले दोन शब्द, ‘अनेक’ आणि ‘ट्विंकल’, फार महत्त्वाचे आहेत. तुमच्या चुलतभावानं वाचलेलं वाक्य खरं आहे, फक्त ते तुमच्या घराला लागू होत नाही.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाकडे स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो. १६,५६९ अक्षरांचा, त्यावर फक्त ३७ जनुकं. हा डीएनए आईच्या बीजातून येतो, बापाचा येत नाही. इथपर्यंत बरोबर. पण या ३७ जनुकांतून प्रथिनं बनतात अवघी १३. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकीची हजाराहून जास्त प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांतून बनतात, आणि केंद्रकातली जनुकं आईबाप दोघांकडून येतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए उकलणारी, त्याची नक्कल काढणारी, त्यासाठी कच्चा माल पुरवणारी सगळी यंत्रणा केंद्रकाच्या हुकमावर चालते.

ट्विंकल हे त्या यंत्रणेतलं प्रथिन. डीएनएचे दोन पदर उकलायचे, म्हणजे नक्कल काढणाऱ्याला वाट मोकळी होते, हे त्याचं काम. त्याचं जनुक १० व्या गुणसूत्रावर आहे. २००१ मध्ये ते सापडलं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियात चांदण्यांसारखं ठिपक्याठिपक्यांनी चमकताना दिसलं, म्हणून हे नाव. त्याच वर्षी नक्कल काढणाऱ्या ‘पॉलिमरेज गॅमा’चा, म्हणजे पीओएलजी जनुकाचा, पापण्या पडण्याच्या, बुबुळं न हलण्याच्या याच आजाराशी संबंध जुळला. त्याच्या आदल्या वर्षी एएनटी १ या जनुकाचा.

ट्विंकलमधला दोष बहुतेक घरांत प्रभावी रीतीनं चालतो. दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी पुरते, आणि ती बापाकडून येऊ शकते तशीच आईकडूनही. म्हणजे हा आजार आज्जींच्या अंगातून आला की आजोबांच्या, हे ‘मायटोकॉन्ड्रिया’ या शब्दावरून ठरतच नाही. आजोबांचे डोळे कसे होते, कुणाला आठवतं का?

ताणाबाणा

अनुजाताई, दोनदा वाचलं. अण्णांनाही वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांच्या भाषेत म्हणाले, ‘म्हणजे जकार्डचा पत्ता ठीक आहे, माग बिघडलाय.’

मागाची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. चादरीवरची नक्षी छिद्रं पाडलेल्या पत्त्यांवरून उतरते. पत्त्यातच चूक असेल तर प्रत्येक चादरीत त्याच जागी तीच चूक दिसणार. पण पत्ता बरोबर आणि माग बिघडलेला असेल तर एका चादरीत इथं धागा सुटतो, दुसरीत तिथं. अण्णा म्हणतात, रिपोर्टात ‘अनेक’ लिहिलंय ते हेच ना?

आजोबा मी पाच वर्षांचा असताना गेले. मला काही आठवत नाही. घरी विचारतो.

बार्शीकर अनुजा

अण्णांना माझा नमस्कार सांगा. इतकं नेमकं मला सुचलं नसतं, पुढच्या वेळी समजावताना हेच सांगेन. तेच आहे. आईकडून येणाऱ्या एका अक्षराच्या दोषात, उदाहरणार्थ ३२४३ व्या जागी ए चा जी होतो त्यात, चूक सगळीकडे एकाच जागी असते. अण्णांच्या स्नायूत मात्र ठिकठिकाणी वेगवेगळ्या लांबीचे तुकडे गळालेत. ते जन्मतः तसे नव्हते. वयाबरोबर साठत गेले, म्हणून आजार चाळिशीत दिसला. डोळे हलवणारे स्नायू क्षणभरही स्वस्थ नसतात, त्यांत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात, म्हणून पहिला फटका तिथं बसतो.

आणि रक्तात ही डिलीशन्स बहुधा दिसत नाहीत. ‘रक्त तपासलं, काही निघालं नाही’ म्हणून प्रौढ माणसाची फाईल मिटवू नये.

माढ्याची आई

मी इथं सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझी मुलगी १४ वर्षांची आहे. अकराव्या वर्षी पापण्या उतरल्या, नजर अंधारात कमी झाली. चष्म्याच्या दुकानापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळीकडे फिरलो. एके दिवशी शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. तिथून पुढे ईसीजी झाला आणि हृदयातला ब्लॉक, म्हणजे ठोक्याचा विजेचा इशारा अडणं, सापडला. पेसमेकर बसवलाय. आजाराचं नाव कर्न्स-सेअर.

मलाही सासरी हेच ऐकावं लागलं. ‘आईकडून येतं.’ तीन वर्षं मी देवापुढं बसून माझं काय चुकलं ते शोधत होते. दुसरं मूल नको असं ठरवून टाकलं. माझ्या मुलीच्या रिपोर्टात ‘एकच मोठं डिलीशन’ असं लिहिलंय. अनुजाताई, ते माझ्याकडून गेलं का? कुणी सरळ सांगितलेलं नाही.

बार्शीकर अनुजा

ताई, बहुतेक वेळा नाही.

एकच मोठं डिलीशन हे बहुतेक घरांत त्या मुलातच नव्यानं घडलेलं असतं. बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी सुरुवातीला. आईच्या रक्तात, स्नायूत ते नसतं. सगळ्यांत जास्त आढळणारं डिलीशन ४,९७७ अक्षरांचं आहे. त्याच्या दोन्ही टोकांना अक्षरांचा एकच छोटा क्रम दोनदा येतो आणि नक्कल होताना मधला भाग निसटतो. यात आईनं काय खाल्लं, कुठं गेली, कोणता उपास केला याचा काडीचाही संबंध नाही.

आई स्वतः निरोगी असेल तर पुढच्या मुलाला धोका किती? अनेक घराण्यांचा एकत्र अभ्यास झालाय, त्यात आजारी आईच्या मुलांत तो साधारण २४ त एक एवढा निघाला, आणि निरोगी आईचं दुसरं मूल आजारी निघालेलं आढळलं नाही. तरी निर्णयाआधी तुमचे कागद कुणा समुपदेशकासमोर ठेवा.

कर्न्स आणि सेअर या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये हे तिन्ही एकत्र मांडलं, डोळ्यांचे स्नायू, दृष्टिपटल आणि हृदयाचा ब्लॉक. सुरुवात विसाव्या वर्षाच्या आत. तुमच्या मुलीला पेसमेकर वेळेत बसला ही फार मोठी गोष्ट झाली.

माढ्याची आई

ताई, हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारी लावलंय. ‘बहुतेक वेळा नाही.’ नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण रात्री चहा त्यानं केला.

साखर पेठेतला

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो. आमच्याकडे मामाशी, आतेभावाशी लग्न, म्हणजे ‘मेनरिकम’, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. माझे आईवडील तसेच. आम्ही तीन भावंडं, दोघांना त्रास. मोठ्या भावाचे डोळे, तोल, पाय बधिर. धाकटीला फिट्स. दोघांतही पीओएलजीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. आईबाप ठणठणीत.

एक गोष्ट सगळ्यांना हात जोडून सांगतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट नावाचं औषध सर्रास देतात. पीओएलजीचा दोष असलेल्यांना ते चालत नाही, यकृत निकामी होऊ शकतं. आमच्या धाकटीला सुरू व्हायच्या आतच एका तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट बघून थांबवलं. आता तिच्या आधारकार्डाच्या पाकिटात लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी असते. रात्री-अपरात्री कुणीही तिला दवाखान्यात नेलं तरी ती आधी दिसावी म्हणून.

नात्यातल्या लग्नाला मी नावं ठेवत नाही, माझा जन्मच त्यातला आहे. पण घरात असा एक जरी पेशंट असेल तर पुढचं नातं जुळवण्याआधी तपासून घ्या.

बार्शीकर अनुजा

साखर पेठेतल्या दादांनी मोलाचं सांगितलं. पीओएलजी दोन्ही तऱ्हांनी वागतं, काही दोष एका प्रतीनं आजार देतात, काहींना दोन्ही लागतात. नात्यात लग्न झालं की एकाच पूर्वजाची तीच बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

डॉक्टरांच्या यादीत आणखीही जनुकं असतात, एकेक फारच विरळा. आरआरएम२बी, डीएनए २, आरनेसएच १, एमजीएमई १, पॉलिमरेजचाच जोडीदार पीओएलजी २. डोळ्यांबरोबर पोटाचा सततचा त्रास आणि अंग वाळत जाणं असेल तर टीवायएमपी आठवायला हवं. टीके २ मध्ये मुलांचे स्नायू झपाट्यानं जातात. तिथं अलीकडे न्यूक्लिओसाइडचं, म्हणजे डीएनएच्या कच्च्या मालाचं, औषध आलंय, आणि म्हणूनच नेमकं जनुक शोधणं आता केवळ कागदावरची हौस राहिलेली नाही. ऑप्टिक नर्व्हसाठी ओळखलं जाणारं ओपीए १ आणि चालण्याच्या त्रासासाठी ओळखलं जाणारं एसपीजी ७ सुद्धा कधी पापण्या पाडतात.

पंढरपूरचा विद्यार्थी

एक शंका. माझ्या मोठ्या भावाची नजर २१ व्या वर्षी गेली. आधी एक डोळा, दोन महिन्यांत दुसरा. दुखलं काही नाही. आजाराचं नाव लेबर म्हणतात, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ११७७८ व्या जागचा दोष. पापण्या अगदी ठीक आहेत. तेही हेच का? आणि आमच्याकडे तर खरंच आईकडून आलंय, मामाचीही नजर तशीच गेली होती.

बार्शीकर अनुजा

आजारांचं घराणं एक, आजार वेगळा. लेबरमध्ये स्नायू नाही, डोळ्याची नस जाते. १९८८ मध्ये वॉलेस यांच्या गटानं हाच ११७७८ चा दोष दाखवला, आणि आईकडून उतरणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा दोष रोगाशी जोडला गेला तो तिथून. त्याच वर्षी लंडनमध्ये होल्ट, हार्डिंग आणि मॉर्गन-ह्यूज यांनी स्नायूतली डिलीशन्स दाखवली.

तुमच्याकडे वाट आईचीच आहे. पण तुमच्या आईची नजर शाबूत आहे ना? दोष असलेल्या सगळ्यांची नजर जात नाही, पुरुषांची जास्त जाते. तोच दोष तुमच्यातही असणार हे गृहीत धरा आणि विडी, तंबाखू, सिगारेट, दारू यांपासून कायमचे लांब राहा. धूम्रपानानं लेबरचा धोका वाढतो हे नीट तपासलं गेलंय. हे मी सल्ला म्हणून नाही, विनंती म्हणून लिहितेय.

पंढरपूरचा विद्यार्थी

आईची नजर चांगली आहे. मी महिन्यापूर्वीपर्यंत ओढत होतो. सोडली.

नेत्रसहायक

मी डोळ्यांच्या ओपीडीत मदतनीस आहे. रोज पापणी पडलेले चार-दोन पेशंट येतात, त्यातले बहुतेक म्हातारपणाचे. मायस्थेनियातली पापणी सकाळी बरी असते, संध्याकाळी पडते, दिवसागणिक बदलते आणि बहुतेकांना दोन-दोन दिसतं. या आजारात पापणी सकाळ-संध्याकाळ जवळपास सारखीच. दोन्ही डोळे बरोबरीनं अडकत जातात म्हणून दोन-दोन दिसल्याची तक्रार बऱ्याच जणांत नसते. बाहुलीला काही होत नाही. पेशंटचे जुने फोटो मागवा. लग्नाचा, रेशनकार्डाचा, कुठलाही. पापणी कधी उतरायला लागली ते फोटोत दिसतं.

ऑपरेशनचा आग्रह धरू नका. पापणी वर बांधता येते, पण या पेशंटचा डोळा मिटायलाही कमजोर असतो आणि झोपेत बुबुळ वर जात नाही. पापणी जास्त उचलली तर डोळा उघडा राहून कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते. आधी चष्म्याच्या फ्रेमला पापणी उचलणारी तार बसवून बघा. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगा.

बार्शीकर अनुजा

आणि ईसीजी. अण्णांचा आणि आत्यांचा, दोघांचा, दरवर्षी. ट्विंकलच्या दोषात हृदयाचा त्रास कर्न्स-सेअर इतका ठरलेला नसतो, पण न बघता राहायचं नाही. गिळायला त्रास, ऐकू कमी येणं, साखर, हेही विचारत राहायचं. कोएन्झाइम क्यू १० च्या महागड्या गोळ्या सगळे सुचवतात. ज्यांच्यात त्याचीच जन्मजात कमतरता आहे त्यांना त्याचा खरा उपयोग, बाकीच्यांत पुरावा तुटपुंजा आहे. कर्ज काढून घेऊ नका. रोजचं बेताचं चालणं मात्र सोडू नका.

बहिणीचं राहिलं. अण्णांच्या प्रत्येक मुलाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तिला आणि तुम्हालाही. सज्ञान माणसानं अशी तपासणी करायची की नाही, हे फक्त त्या माणसानं ठरवायचं. स्थळाच्या आधी ‘करून घेणं’ असं काही नसतं.

ताणाबाणाची बहीण

मी तीच. दादानं मला न विचारता माझं लग्न इथं मांडलं याचा मला राग आला, आणि तो मी त्याला घरी बोलून दाखवलाय. आता इथंही लिहिते.

मी २६ वर्षांची आहे. आरशात रोज सकाळी माझ्या पापण्या बघते, गेल्या वर्षापासून. दादाही बघतो, मला माहीत आहे, तो सांगत नाही. मला अजून तपासायचं नाही. ज्याच्याशी लग्न करेन त्याला मी स्वतः अण्णांना भेटवेन, अण्णांशेजारी बसवून सगळं सांगेन, मग त्याला काय ठरवायचं ते ठरवू दे. अनुजाताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं.

ताणाबाणा

ती बरोबर आहे. तिच्याबद्दल लिहिण्याआधी तिला विचारायला हवं होतं, माझी चूक झाली. आणि हो, मीही आरशात बघतो.

नेत्रसहायक यांनी फोटोचं लिहिलं म्हणून काल माळ्यावरची ट्रंक काढली. गड्ड्याच्या यात्रेत, रंगवलेल्या पडद्यासमोर काढलेला आजोबांचा एक फोटो मिळाला. पांढरा सदरा, डोक्याला फेटा. हनुवटी वर, कपाळावर चार आठ्या, डोळे अर्धे. आमच्या घरात हा फोटो ‘आजोबा ऐटीत’ म्हणून सांगितला जायचा. तो अण्णांच्या शेजारी धरला. आई तोंडावर हात ठेवून उभीच राहिली.

आज्जीच्या हातात दिला. जकार्डाचा पत्ता, माग, सगळं अण्णांनीच तिला समजावलं. ती ऐकत होती की नाही कळेना. बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘लगीन झाल्यापास्नं त्ये माझ्याकडं असंच मान वर करून बघायचे. मला वाटायचं, मानी माणूस हाय. भाकरी वाढताना सुदिक भ्या वाटायचं. त्यास्नी दिसतच नव्हतं व्हय रं?’

नंतर आत्याला फोन लावायला लावला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, बाहेर गेलो.

भीमाकाठ

आणि जेवली का आज्जी?

ताणाबाणा

जेवली. कडक भाकरी दुधात कुस्करून. शुक्रवारी आत्याला मोहोळहून आणून अण्णांच्या बरोबरच ईसीजी काढायचा आहे. आज्जी म्हणते, मीपण येणार, फोटो बरोबर घेऊन.